बॉनेटवर फायबरचा स्कूप बसवताना

करमाळ्यात स्पोर्ट्स कार शोधायला निघाल्यास संध्याकाळपर्यंत रिकाम्या हाताने परतावे लागेल. पण स्पोर्ट्स कारची हौस मात्र नगर-टेंभुर्णी रस्त्याने केव्हाच गावात येऊन पोहोचली आहे. जुनी जीप, बोलेरो, थार किंवा एखादी लहान मोटार घेऊन तरुण गॅरेजमध्ये येतो आणि म्हणतो, "उस्ताद, स्कॉर्पिओसारखा बॉनेटवर स्कूप बसवून द्या." आमच्या समाजातील पुष्कळ मुले डेंटिंग, पेंटिंग आणि वेल्डिंगच्या कामात आहेत. त्यांनी अशा गिऱ्हाइकाला परत पाठवावे, की घाईघाईने चार स्क्रू मारून पैसे घ्यावे? आमच्या मते दोन्ही नको. हे काम नीट समजून घ्यावे, कारण एका स्कूपमध्ये फायबरच्या धंद्याचे जवळजवळ सगळे धडे येतात आणि भांडवलही फार लागत नाही. कर्ज काढून व्याजात पडण्याची गरज नाही. एक ग्राइंडर, एक ड्रिल, वजनाचा छोटा काटा आणि हवेशीर पत्र्याची शेड, एवढ्यावर सुरुवात होते.

फायबरची गाडी ही काही परदेशातील अद्भुत गोष्ट नव्हे. अमेरिकेत १९५३ साली शेवरोले कंपनीने कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार काढली, तिचे सारे अंग फायबरग्लासचे होते. त्या पहिल्या वर्षी अवघ्या ३०० गाड्या बनल्या आणि बहुतांशी हातानेच बनल्या. आपल्याकडे बंगळूरच्या सिपानी कंपनीने १९८० च्या दशकात डॉल्फिन ही छोटी मोटार फायबरच्या अंगाची काढली. पुढे सान मोटर्सची दोन आसनांची उघडी स्टॉर्म आली, तीही फायबरचीच. पत्रा दाबायला लाखो रुपयांचे प्रेस आणि डाय लागतात, फायबरला साचा आणि हात पुरतात. थोडा माल काढणाऱ्या कारखानदाराला म्हणूनच फायबर परवडते, आणि याच कारणासाठी ते तालुक्याच्या गावातील मिस्त्रीलाही परवडते.

स्कूप करतो काय?

गिऱ्हाईक विचारण्याआधी मिस्त्रीने स्वतः हे समजून घेतले पाहिजे. स्कूप म्हणजे बॉनेटवरचा पोकळ उंचवटा, ज्याच्या तोंडातून हवा आत जाते. टर्बो असलेल्या काही गाड्यांत इंटरकूलर इंजिनच्या डोक्यावर बसवलेला असतो. टर्बोने दाबून गरम झालेली हवा थंड करणारी ही जाळी असते आणि तिला वरून ताजा वारा हवा असतो. जपानची सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स किंवा आपल्या रस्त्यावर दिसणारी पहिल्या पिढीची तीन लिटरची फॉर्च्युनर, यांच्या बॉनेटवरील तोंड याच कामाचे. तेथे स्कूप बंद केला तर इंजिनला फरक जाणवेल.

याउलट, इंटरकूलर पुढे जाळीमागे असलेल्या किंवा मुळातच टर्बो नसलेल्या गाडीवर स्कूप बसवला तर तो बहुधा शोभेचाच राहतो. "वारा आत कोंबला जातो आणि ताकद वाढते" हे गॅरेजमधील आवडते वाक्य आहे. हिशेब करून पाहावा. ताशी १०० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा जो दाब तोंडावर पडतो, तो हवेच्या नेहमीच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याच्याही आत असतो. ताशी ५० ला तो आणखी घटून चौथा हिस्सा उरतो. जेऊरपासून करमाळ्यापर्यंतच्या रस्त्यावर एवढ्याने काय साधणार? थंड हवेचा लाभ मात्र खरा असतो. हवा १० अंशांनी थंड झाली की सुमारे तीन टक्के दाट होते. पण तो लाभ मिळायला स्कूपचे तोंड एअर फिल्टरच्या डब्याला नळीने जोडावे लागते, आणि आजच्या बहुतेक गाड्यांची फिल्टरची नळी आधीच पुढून, ताजी हवा घेते.

आणखी एक बारकावा. बॉनेटच्या पत्र्याला लागून वाहणारी हवा मंद असते, म्हणून पुढे तोंड केलेला स्कूप पत्र्यापासून थोडा उचललेला असावा लागतो. पुढच्या काचेच्या पायथ्याशी मात्र हवा अडते आणि दाब वाढतो. अमेरिकेत १९६९ च्या कॅमारोवर काही स्कूपांचे तोंड म्हणूनच मागे, काचेकडे ठेवलेले असे. पाहणाऱ्याला ते उलटे वाटते, पण ते विचारपूर्वक केलेले असते.

तेव्हा पहिला प्रश्न असा ठरवावा: भोक पाडायचे की नाही? आमचे स्पष्ट मत आहे की दहापैकी नऊ गाड्यांना भोक पाडू नये. उघड्या तोंडातून पावसाचे पाणी थेट अल्टरनेटर, वायरिंग आणि फिल्टरवर पडते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे उडणारी धूळही त्याच वाटेने आत जाते. ज्याला केवळ देखणेपणा हवा आहे त्याला बंद स्कूप द्यावा, आणि तो बंद आहे, याने ताकद वाढणार नाही, हे पैसे ठरवण्याआधी सांगावे. सांगितल्याने गिऱ्हाईक जाईल ही भीती बहुधा खोटी असते. हौसेचा माणूस हौसेसाठीच आलेला असतो. कोणाला त्याहूनही स्वस्त हवे असेल तर चिकटपट्टीने लागणारे प्लास्टिकचे तयार स्कूप मिळतात, हेही दडवू नये.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका कडक शब्दांत मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या रूपात आले आणि बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. बॉनेटवर चिकटवलेला उंचवटा आणि इंजिनची हवेची वाट बदलणे यांत फरक आहे, पण तो फरक ठरवण्याचा अधिकार मिस्त्रीचा नाही. गिऱ्हाइकाने अकलूजच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात आधी विचारावे, असे आपणच सुचवावे. नवी गाडी असेल तर कंपनीची वॉरंटी आणि विम्याचा दावा यांवर परिणाम होऊ शकतो, हेही त्याच वेळी बोलावे.

नग तयार करणे

तयार नग विकत आणता येतो, पण धंदा शिकायचा तर एक तरी स्वतः करावा. दुसऱ्याच्या नगावरून साचा काढण्यापेक्षा आपला नमुना घडवणे बरे. नमुना थर्माकोलचा कोरायला सोपा असतो, परंतु पॉलिएस्टर रेझिन थर्माकोलला अक्षरशः विरघळवते. म्हणून त्यावर आधी प्लास्टरचा किंवा कागदी पट्टीचा थर द्यावा, तो घासून गुळगुळीत करावा आणि मगच त्यावरून फायबरचा साचा काढावा. साच्याला मेणाचे चार-पाच हात आणि त्यावर सुटण्याचे द्रावण लावल्याखेरीज काम सुरू करू नये. नग साच्यात अडकला की दोन्ही फुकट जातात.

साच्यात प्रथम जेलकोटचा अर्धा मिलिमीटर थर द्यावा. बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही, इतका तो आवळला की मॅटचे थर सुरू करावे. आधी ३०० ग्रॅमची पातळ मॅट, मग ४५० ग्रॅमच्या दोन. ब्रश रंगासारखा ओढू नये, टोचत जावा, नाहीतर मॅटचे तंतू सरकतात. रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढावे. बुडबुडा राहिला की पुढे उन्हात रंगाखाली फोड येतो. भोवतालची कड, जिच्यावर नग बसणार, ती तीन सेंटिमीटर रुंद ठेवावी आणि तेथे मॅटचा एक थर जास्त द्यावा.

मालाचा हिशेब सोपा आहे. पाव चौरस मीटर पसाऱ्याच्या स्कूपला कापणीची घट धरून सुमारे ४०० ग्रॅम मॅट, मॅटच्या सव्वादोन पट म्हणजे ९०० ग्रॅमच्या आसपास रेझिन आणि १५० ग्रॅम जेलकोट लागते. तयार नग सव्वा किलोच्या आतबाहेर भरतो. कोणाचा नग दोन किलो भरला तर समजावे की त्याने रेझिन ओतले आहे. जास्त रेझिनने मजबुती येत नाही, उलट नग काचेसारखा तडकतो.

हार्डनर हा या कामातील सर्वांत नाजूक भाग. रेझिनच्या वजनाच्या एक ते दोन टक्के एवढाच तो घालायचा असतो. करमाळ्याच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. अशा दुपारी दीड टक्क्याने कालवलेले भांडे हातातच गरम होऊन गोठते. उन्हाळ्यात सकाळी लवकर काम करावे, एक टक्का धरावा आणि एका वेळी पाव किलोहून जास्त कालवू नये. पण एक टक्क्याच्या खालीही जाऊ नये. तसा नग वरून वाळल्यासारखा दिसतो आणि आतून कायमचा कच्चा राहतो. टोपणाने किंवा अंदाजाने हार्डनर टाकणाऱ्या उस्तादाचे शागीर्द होऊ नये. काटा वापरावा.

येथे जिवाची गोष्ट येते, म्हणून थोडे थांबून सांगतो. रेझिन लवकर आवळण्यासाठी जांभळ्या रंगाचे कोबाल्ट घालतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडतो आणि स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे, त्यानंतरच हार्डनर. दोघांच्या बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवाव्यात. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, म्हणून चष्मा घातल्याशिवाय झाकण उघडू नये. थेंब गेलाच तर तत्काळ पाण्याच्या धारेखाली पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि तसेच दवाखान्यात जावे. रेझिनमधील स्टायरिनची वाफ ३१ अंशांपासून पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे वर्षातील बरेच महिने. त्या शेडमध्ये बिडी, वेल्डिंग आणि ग्राइंडरची ठिणगी नको. घासताना पाणीपेपर वापरावा, नाकाला चांगला मास्क लावावा, अंगात पूर्ण बाह्या असाव्यात. काचेची कुसळे घरच्या कपड्यांत आणि लहान मुलांच्या अंथरुणात जाऊ नयेत, यासाठी कामाचे कपडे वेगळे धुवावे. बारा-चौदा वर्षांच्या पोराला या कामाला लावू नये. बापाची अडचण आम्ही जाणतो, तरीही लावू नये.

बॉनेटवर बसवणे

नग साच्यातून निघाला की लगेच बसवू नये. तीन-चार दिवस उन्हात ठेवावा, कारण तो थोडा आकसतो. मग साबणाच्या पाण्याने धुऊन मेण काढावे, नाहीतर त्यावर रंग धरत नाही.

पुठ्ठ्याचा नमुना कापून बॉनेटवर ठेवावा आणि चालकाच्या जागेवर बसून पाहावे. गाडीच्या मालकालाच बसवावे, मिस्त्रीची उंची वेगळी असते. समोरचा रस्ता किंवा रस्त्यावरचे मूल झाकले जात असेल तर तो स्कूप त्या गाडीचा नव्हे. त्यानंतर बॉनेटच्या मध्यावर दोरा ताणून कागदी पट्टी चिकटवावी आणि दोन्ही मडगार्डपासूनचे अंतर मोजावे. मध्य पाच मिलिमीटरने चुकला तरी लांबून दिसतो. बॉनेट उघडून खालची चौकट कोठून जाते ते पाहावे. ती चौकट कापायची नाही. अपघातात बॉनेट ठरल्या जागी दुमडावे म्हणून तिची रचना केलेली असते, ती कापली की ते संरक्षण गेले. बोल्टांची भोकेही तिला टाळून घ्यावी.

बोल्ट सहा मिलिमीटरचा असेल तर फायबरमधील भोक आठचे ठेवावे, खाली रुंद वायसर आणि रबर द्यावे आणि न सुटणारा नट वापरावा. पान्याने जोर करू नये, फायबर दाबाला दबत नाही, तडकते. पत्र्यात ज्या ज्या ठिकाणी भोक पडले तेथे कड घासून प्रायमर लावल्याशिवाय पुढे जायचे नाही. हे पाच मिनिटांचे काम टाळल्यामुळे दुसऱ्या पावसाळ्यात गंज रंगाखालून वर येतो. फायबरची कड ८० नंबरच्या पेपरने खरखरीत करून पत्र्याच्या आणि तिच्या मध्ये पॉलियुरेथेनचा लवचिक सीलंट द्यावा. पुढच्या काचा चिकटवायला वापरतात तोच.

आता सांध्याचा प्रश्न. गिऱ्हाईक म्हणते, सांधा दिसू नये, जणू कंपनीतूनच आला आहे असे वाटावे. मिस्त्री सांध्यात लांबी भरतो, घासतो, रंग मारतो आणि त्या दिवशी काम सुरेख दिसते. पण पत्रा आणि फायबर सारखे फुगत नाहीत. मॅटचे फायबर उष्णतेने पत्र्याच्या दुपटीहून जास्त वाढते. हिवाळ्यातील पहाटेचे १२ अंश आणि मेच्या उन्हात इंजिनवर तापलेल्या बॉनेटचे ७० अंश यांमध्ये ५० सेंटिमीटर लांबीच्या स्कूपला पत्र्यापेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर जास्त हलावे लागते. वर बॉनेट आपटून बंद करण्याचे धक्के. लांबी कडक असते, ती हे सोसत नाही. वर्षाच्या आत केसासारखी चीर पडते, चिरेतून पाणी जाते आणि खाली पत्रा सडू लागतो.

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले ओले लागले. पाऊस लागला होता, असे विक्रेता म्हणाला. तर मग ओले वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही असे बजावले. सहीह मुस्लिममधील ही हदीस आपण जुम्याच्या बयानात अनेकदा ऐकतो, पण ती धान्याच्या व्यापाऱ्याला सांगितली आहे अशी आपली समजूत असते. लांबीखाली झाकलेला सांधा, प्रायमर न लावलेली कड, कच्चा राहिलेला फायबर, ही सारी आतून ओली असलेली रासच आहे. मिस्त्रीचा माल तर राशीपेक्षाही झाकलेला असतो, त्यात हात घालून पाहणे गिऱ्हाइकाला शक्यच नसते.

म्हणून सांधा दिसू द्यावा. भोवती काळ्या रबराची किंवा सीलंटची सरळ, एकसारखी रेघ ठेवावी. नीट काढलेली रेघ वाईट दिसत नाही, आणि दहा वर्षे टिकते. ती सरळ काढण्यातच कसब आहे.

मोबदला

भाव सांगताना नुसता माल धरला तर मिस्त्री बुडतो. समजा साच्याला ६,००० रुपये खर्च आला आणि त्यावरून २० नग निघतील असा अंदाज आहे, तर प्रत्येक नगावर ३०० रुपये साच्याचे पडले. त्यावर मॅट, रेझिन, हार्डनर, पेपर, रंग, वीज, सोलापूर-पुण्याहून माल आणण्याचे भाडे, आणि दहातला एखादा नग वाया जातो त्याचा हिस्सा. मजुरी वेगळी लिहावी. थर देणे अर्धा दिवस, बसवणे एक दिवस, रंग एक दिवस, असे अडीच दिवस प्रामाणिकपणे लागतात. पावती द्यावी आणि तिच्यावर "बंद स्कूप, शोभेसाठी" असे लिहावे. नंतरचे वाद त्या तीन शब्दांनी मिटतात.

स्कूपांवर वर्षभर पोट भरणार नाही, हे उघड आहे. पण ज्याला मॅट, रेझिन आणि साचा कळला त्याला फुटलेले बंपर, ट्रॅक्टरची बॉनेटे, जीपची छते, पाण्याच्या टाक्या आणि बाथरूमचे दरवाजे ही कामे मिळतात. उजनीच्या काठावर होड्यांचीही मागणी असते. तेथे मात्र घाई करू नये. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले, हे आपल्या तालुक्याने पाहिले आहे. माणसे वाहणारी होडी हे परवान्याचे आणि तपासणीचे काम आहे. होडी बांधणाऱ्या जाणत्या कारागिराच्या हाताखाली काही वर्षे काढल्यावरच तिच्याकडे वळावे.

बसवलेली गाडी महिन्याने एकदा परत बोलवावी. बॉनेट उघडून नट तपासावे, सीलंट कोठे सुटला आहे का ते बोटाने चाचपावे, खालच्या बाजूला गंजाचा तांबडा ठिपका दिसतो का ते बॅटरी लावून पाहावे. या तपासणीचे पैसे घेऊ नयेत.